गोरिला-दर्शन

गोरिला-दर्शन : मध्य आफ्रिकेतील वर्षावनांत माणसाच्या सान्निध्याला सरावलेल्या रानटी गोरिलांची टोळी वाटाड्याबरोबर पायी जाऊन जवळून पाहण्याची नियंत्रित सहल. अशा सहलींना अनेकदा ‘सफारी’ म्हणतात. हा स्वाहिली शब्द अरबीवरून आलेला असून मराठीतील ‘सफर’ही त्याच मुळाचा आहे. मात्र गवताळ प्रदेशात मोटारीत बसून सिंह-हत्ती पाहण्याच्या सफारीशी गोरिला-दर्शनाचे साम्य थोडेच आहे. येथे वाहन जंगलाच्या कडेला सोडून द्यावे लागते. पुढे चिखल, वेली आणि अंगाची आग करणारी झुडपे यांतून एखाद्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत चढण चढावी लागते आणि प्रत्यक्ष भेट अवघ्या एका तासाची असते.

मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील सखल अरण्यांतील गोरिलाही काही ठिकाणी दाखवले जातात. परंतु या पर्यटनाची घडण झाली ती पर्वतीय गोरिला (गोरिला बेरिंगेई बेरिंगेई) या उपजातीच्या प्रदेशात. ही उपजाती जगात दोनच ठिकाणी आढळते. एक म्हणजे रवांडा, युगांडा आणि काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमा जेथे मिळतात ती व्हिरुंगा ज्वालामुखींची रांग. दुसरे म्हणजे तिच्या उत्तरेस, युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात असलेले बविंडीचे दाट अरण्य. व्हिरुंगा रांगेत आठ ज्वालामुखी असून त्यांपैकी न्यीरागाँगो व न्यामुरागीरा हे दोन जागृत आहेत. सर्वांत उंच कारिसिंबी ४,५०७ मी. आहे. गोरिलांचा वावर मुख्यतः निद्रिस्त ज्वालामुखींच्या उतारांवर असतो. या दोन्ही अरण्यांच्या सभोवार आफ्रिकेतील अतिशय दाट ग्रामीण लोकवस्ती आहे. बटाटा, घेवडा आणि केळी यांची शेते थेट जंगलाच्या कडेला भिडतात. मधे संक्रमणाचा पट्टा असा नाहीच. रवांडाच्या बाजूस रानरेडे शेतात उतरू नयेत म्हणून उद्यानाच्या सीमेवर दगडी गडगा घातलेला आहे. पाहुणा तो गडगा ओलांडतो आणि दोन पावलांत शेतातून अरण्यात येतो.

या प्राण्याची शास्त्रीय ओळख बंदुकीच्या वाटेने झाली. जर्मन अधिकारी रॉबर्ट फोन बेरिंग याने १७ ऑक्टोबर १९०२ रोजी साबिन्यो पर्वतावर दोन गोरिला मारले. त्यांपैकी एकाच्या अवशेषांवरून १९०३ मध्ये पाउल माची याने नव्या प्रकाराचे वर्णन केले व त्यास बेरिंगचे नाव दिले. त्यानंतर दोन-अडीच दशके संग्रहालयांसाठी आणि छंदापायी बरेच गोरिला मारले गेले. १९२१ मध्ये अमेरिकन संग्राहक कार्ल एकली याने न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी पाच गोरिला मिळविले. पुढे त्यानेच या प्राण्यांना अभय मिळावे म्हणून बेल्जियमच्या राजाकडे खटपट केली. तिच्यातून १९२५ मध्ये आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान (आजचे व्हिरुंगा व त्याला लागून असलेले रवांडातील ज्वालामुखी उद्यान) स्थापन झाले. आफ्रिकेतील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय.

गोरिलाजवळ निःशस्त्र बसता येते, हे सिद्ध केले ते जॉर्ज शालर याने. १९५९-६० मध्ये त्याने काँगोच्या बाजूस काबारा येथे राहून निरीक्षणे केली आणि व्हिरुंगातील गोरिलांची संख्या सु. ४५० असल्याचा अंदाज दिला. डायन फॉसी हिने सप्टेंबर १९६७ मध्ये कारिसिंबी व व्हिसोके या पर्वतांमधील खिंडीत ‘कारिसोके’ हे संशोधन केंद्र उभारले. दोघांच्या कामातून गोरिलाची क्रूर राक्षस ही प्रतिमा पुसली गेली. तो शाकाहारी, कुटुंबवत्सल आणि बहुधा लाजाळू प्राणी असल्याचे दिसून आले. पण ज्ञान वाढत असताना प्राणी घटत होते. १९६९ च्या सुमारास रवांडातील उद्यानाची सु. ४० टक्के जमीन पायरेथ्रम या कीटकनाशक देणाऱ्या फुलांच्या लागवडीसाठी काढून घेण्यात आली. हरणांसाठी लावलेल्या फाशांत गोरिलांचे हातपाय अडकत, तर कवट्या व पंजे यांना परदेशी गिऱ्हाइके मिळत. ३१ डिसेंबर १९७७ रोजी फॉसीचा आवडता नर डिजिट चोरट्या शिकाऱ्यांनी मारला, तेव्हा ही बाब जगभर पोचली. १९८१ च्या गणनेत व्हिरुंगात २५४ गोरिला उरले होते.

याच सुमारास उद्यानाचा आणखी मोठा तुकडा गुरांच्या कुरणांसाठी देण्याचा विचार रवांडा शासन करीत होते. तेथे काम करणाऱ्या बिल वेबर व एमी वेडर या अमेरिकन संशोधक दांपत्याने हिशेब मांडला, की थोड्या पाहुण्यांना चढ्या शुल्कात गोरिला दाखविल्यास जंगल कुरणापेक्षा अधिक उत्पन्न देईल. त्यातून १९७९ मध्ये ‘मौंटन गोरिला प्रॉजेक्ट’ सुरू झाला. पहारा, शाळाशाळांतून शिक्षण आणि पर्यटन ही त्याची तीन अंगे होती. फॉसीचा पर्यटनाला कडवा विरोध होता. शिकाऱ्यांचा थेट बंदोबस्त हाच उपाय, असे तिचे मत होते. २६ डिसेंबर १९८५ च्या रात्री कारिसोके येथे तिचा खून झाला. वेबर-वेडर यांचा हिशेब पुढे खरा ठरला. परंतु फॉसीच्या आक्षेपातील एक भाग, म्हणजे माणसाच्या जवळिकीतून येणारा धोका, आजही खोडला गेलेला नाही.

सराव : रानटी टोळी माणूस दिसताच पळते, किंवा तिचा नायक अंगावर धावून येतो. तिला माणसाची सवय लावण्यास साधारणतः दोन वर्षे लागतात. माग काढणाऱ्यांचे तेच ते पथक रोज टोळीपर्यंत जाते, दिसेल असे पण खालच्या बाजूस बसते, पाला तोडून खाण्याचा बहाणा करते आणि घसा खाकरल्यासारखा खोल, लांबट आवाज काढते. गोरिलांच्या भाषेत हा आवाज निर्धास्तपणाचा असतो. प्रारंभी नायक छाती बडवतो, किंचाळत धावून येतो आणि काही पावलांवर थांबतो. अशा वेळी माणसाने पळावयाचे नसते. खाली बसून नजर जमिनीकडे वळवावयाची असते. हळूहळू धावणे कमी होते आणि शेवटी टोळी त्या माणसांकडे दुर्लक्ष करू लागते. पर्यटनाचा सारा डोलारा या दुर्लक्षावर उभा आहे, आणि ते कमावणारी माणसे बहुतेक आसपासच्या खेड्यांतली असतात. प्रवासवर्णनांत त्यांना क्वचितच जागा मिळते. सरावलेल्या टोळीला शिकारी आणि पाहुणा यांतील भेद कळत नाही. त्यामुळे एकदा सराव दिला, की तिला रोजचा पहारा देणे बंधनकारक होते.

भेटीचे स्वरूप : पहाटे माग काढणारे आदल्या संध्याकाळच्या जागेवर जातात. प्रत्येक गोरिला रोज रात्री पाने व फांद्या दुमडून नवे घरटे करतो. त्या घरट्यांपासून ताजा माग धरून ते टोळी शोधतात व बिनतारी यंत्रावर वाटाड्याला कळवितात. दरम्यान पाहुण्यांची उद्यानाच्या कचेरीजवळ आठ-आठ जणांत विभागणी होते. एका टोळीला दिवसातून एकच गट व एकच तास, हा नियम तिन्ही देशांत मूळ धरून आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना आणि सर्दी-खोकला असलेल्यांना प्रवेश नसतो. टोळीजवळ खाणेपिणे व छायाचित्रणासाठी दीप चमकविणे वर्ज्य असते. जंगलात शौचास जावे लागल्यास हातभर खड्डा खणून बुजवावा लागतो.

टोळीत सरासरीने दहा-एक प्राणी असतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरील केस बाराव्या-तेराव्या वर्षापासून रुपेरी होतात आणि तो टोळीचा नायक असतो. त्याचे वजन १६० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक भरते. दिवसाचा मोठा भाग रानसेलरी, काटेरी थिसल, नेटल आणि हंगामात बांबूचे कोंभ खाण्यात जातो. दुपारी विश्रांती असते. पाहुण्याला बहुधा हीच विश्रांती दिसते : नायक पालथा पडलेला, माद्या एकमेकींचे अंग विंचरत असलेल्या आणि पिले त्याच्या पाठीवरून घसरत असलेली. नाकावरील सुरकुत्यांची ठेवण प्रत्येक गोरिलात वेगळी असते. वाटाडे तिच्यावरून प्रत्येकाला नावाने ओळखतात. रवांडात २००५ पासून दरवर्षी नव्या पिलांच्या नामकरणाचा ‘क्विता इझिना’ हा समारंभ होतो. मूल जन्मल्यावर शेजारीपाजारी जमून नाव ठेवण्याची तेथील रूढी गोरिलांना लावलेली आहे. आपल्याकडील बारशासारखाच हा प्रकार होय.

रोगाचा धोका : गोरिला माणसाला इतका जवळचा आहे, की माणसाचे श्वसनरोग त्याला सहज जडतात, प्रतिकारशक्ती मात्र नसते. १९८८ मध्ये रवांडात श्वसनरोगाच्या साथीने सहा माद्या दगावल्या. १९९६ मध्ये बविंडीतील एका टोळीला खरूज झाली व तान्हे पिलू मेले. संसर्ग आसपासच्या वस्तीतून आल्याचा संशय होता. या प्रकरणी काम केलेल्या युगांडाच्या पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी २००३ मध्ये खेड्यांतील माणसांचे आरोग्य आणि गोरिलांचे आरोग्य एकत्र सांभाळणारी संस्था काढली. २००९ मध्ये रवांडातील एका टोळीत पसरलेल्या साथीत माणसांतील एक विषाणू आढळला. त्या साथीत एक मादी व एक पिलू मृत्यू पावले. म्हणूनच पाहुणा व गोरिला यांत ७ मी. अंतराचा नियम होता. बविंडीत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा भेटीतील सर्वांत कमी अंतर सरासरीने ३ मी. हूनही कमी भरले. दोष एकट्या पाहुण्याचा नसतो. कुतूहलाने पिले स्वतःच पुढे येतात, झाडी दाट असते आणि चांगले छायाचित्र मिळाल्यास बक्षिसी वाढते, हे वाटाड्यालाही ठाऊक असते. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे दर्शन काही महिने बंद ठेवण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मुखपट्टी सक्तीची झाली आणि अंतर १० मी. करण्यात आले.

बंदीच्या त्या काळात दुसरी बाजूही दिसली. उत्पन्न थांबताच खेड्यांतील मिळकत आटली आणि जंगलात फासे वाढले. जून २०२० मध्ये बविंडीतील रफिकी हा प्रसिद्ध नायक लहान प्राण्यांच्या शिकारीस आलेल्या माणसाच्या भाल्याने मेला. त्या इसमास ११ वर्षांची शिक्षा झाली.

शुल्क व वाटणी : रवांडाने मे २०१७ मध्ये परवान्याचे शुल्क ७५० वरून १,५०० डॉलर केले. युगांडात ते जुलै २०२४ मध्ये परदेशी पाहुण्यांना ८०० डॉलर करण्यात आले. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा सभोवतालच्या वस्तीला शाळा, दवाखाने, पाणी यांसाठी मिळतो. तथापि उद्यानाची झळ ज्यांना सर्वाधिक लागली त्यांना लाभ सर्वांत कमी मिळाला, असे म्हणणे भाग आहे. बविंडी व म्गाहिंगा ही उद्याने १९९१ मध्ये झाली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या शिकार व मध यांवर राहणाऱ्या बाट्वा लोकांना जंगलातून काढण्यात आले. जमिनीची मालकी कागदावर नसल्याने बहुतेकांना मोबदला मिळाला नाही. आज त्यांपैकी काही जण जंगलाच्या कडेला पाहुण्यांना आपली जुनी राहणी करून दाखवतात.

पैशाचे हे साधन युद्धाच्या प्रदेशात आहे. १ मार्च १९९९ रोजी रवांडातून परागंदा झालेल्या सशस्त्र टोळ्यांनी बविंडीत आठ परदेशी पर्यटक व एका युगांडी अधिकाऱ्याची हत्या केली. जुलै २००७ मध्ये काँगोतील एका टोळीचा नायक सेंक्वेक्वे व माद्या गोळ्या घालून मारलेल्या आढळल्या. व्हिरुंगा उद्यानाच्या इतिहासात दोनशेहून अधिक वनरक्षक कामावर मारले गेले आहेत. २०१२ मध्ये गोरिलांचा पट्टा बळकावलेल्या एम-२३ या बंडखोर गटाने स्वतःच पाहुण्यांना गोरिला दाखवून पैसा उभा केला. २०२२ नंतर तो भाग पुन्हा याच गटाच्या हाती गेला.

तरीही संख्या वाढली. व्हिरुंगात २०१०च्या गणनेत ४८० आणि २०१५-१६ मध्ये ६०४ गोरिला मोजले गेले. बविंडीत २०१८ मध्ये ४५९ आढळले, म्हणजे एकूण १,०६३. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ही उपजाती ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणली. मोठ्या कपींपैकी संख्या वाढत असल्याचे निश्चितपणे सांगता येते, ते एवढ्या एकाच प्रकाराबाबत. व्हिरुंगातील गणनांचे विश्लेषण करता सरावलेल्या टोळ्यांची वाढ दरवर्षी सु. ४ टक्के, तर न सरावलेल्यांची किंचित घट दिसली. फरकाचे श्रेय पाहुण्यांपेक्षा त्यांच्या पैशातून होणाऱ्या रोजच्या पहाऱ्याला आणि पशुवैद्यांना द्यावे लागते. फाशात अडकलेल्या गोरिलाला बेशुद्ध करून सोडविणे हे तेथे नेहमीचे काम झाले आहे.

जागा मात्र वाढलेली नाही. रवांडाच्या बाजूस टोळ्या वाढल्यावर त्यांच्या आपसांतील गाठी, मारामाऱ्या आणि परक्या नरांकडून होणाऱ्या पिलांच्या हत्या वाढल्याचे कारिसोकेच्या नोंदींत आढळते. त्यामुळे उद्यानाची हद्द बाहेरच्या बाजूस वाढविण्याची योजना रवांडाने आखली आहे. तीत शेती असलेली जमीन पुन्हा जंगलास जोडावयाची असून तेथील कुटुंबांना नव्या घरांत हलवावे लागणार आहे.