नात्यांचा अभ्यास – भाग ६ : घर एक, बिऱ्हाडं दोन

गेल्या भागात इरावती कर्वे यांच्या १९५३ सालच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथाची ओळख करून घेतली. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, हा महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा रिवाज त्यांनी उत्तर आणि दक्षिणेच्या मध्ये कसा मांडला, ते पाहिलं. आज कुटुंबाच्या व्याख्येकडे वळू.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला जॉर्ज मरडॉकची १९४९ सालची व्याख्या सुरुवातीलाच भेटते : एकत्र निवास, आर्थिक सहकार्य आणि प्रजनन. बीड जिल्ह्यात ही व्याख्या पहिल्याच अटीला अडते.

दसरा-दिवाळी झाली की वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं, नाहीतर मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. कर्ती जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्याच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. जानेवारीत घरोघर पाहणी केली तर तिथे आजी आणि नातवंडं सापडतील. जुलैत त्याच उंबऱ्याआड तीन पिढ्या. यातलं खरं कुटुंब कोणतं?

इथे मरडॉकपेक्षा आय. पी. देसाई जास्त उपयोगी पडतात. गुजरातेतल्या महुवा या छोट्या शहराच्या अभ्यासात (१९६४) त्यांनी दाखवलं की, एका छपराखाली राहणं ही एकत्रपणाची एकमेव खूण नव्हे. मालमत्ता, उत्पन्न आणि परस्परांची जबाबदारी कशी बांधलेली आहे, तेही पाहावं लागतं. पुढे ए. एम. शहा यांनी १९७३ च्या पुस्तकात ‘घर’ आणि ‘कुटुंब’ या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. बीडच्या विद्यार्थ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्या गावात दरवर्षी सहा महिने दिसतो.

पण देसाईंची चौकटही एका जागी अपुरी पडते, आणि मला तीच जागा सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती या जोडीवर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. मजुरी जोडीची, हिशोब मात्र बहुतेक पुरुषाशी. म्हणजे इथे लग्न हेच मजुरीचं एकक झालं आहे. मुलाचं लग्न झालं की घरात नवा कोयता येतो. मुलगी मागे एकटी ठेवायची भीती, सोबत फडावर न्यायचीही भीती. मग तिचंही लग्न लवकर उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. याला ‘परंपरा’ म्हणून बाजूला सारणारं पाठ्यपुस्तक मला अर्धवट वाटतं. परंपरा आहेच, पण तिला उचलीचा, मुकादमाचा आणि हंगामाचा आधार आहे.

या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांमधून प्रकल्प लिहिणाऱ्यांना एक विनंती. एकच घर दोनदा पाहा : एकदा हंगामात, एकदा पावसाळ्यात. पोरं आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, रेशन कोण आणतं, उचलीचे पैसे कुणाच्या हाती येतात, हे दोन्ही वेळा विचारा. आणि हा प्रश्न घरातल्या सुनेला वेगळा विचारा, सासऱ्यासमोर नको.

पुढच्या भागात टोळी : भावकी आणि सोयरे एकाच फडावर कसे जमतात.