पेण-रोह्याचे आकडे आणि आपले शिवार



पेण-रोहा म्हणजे भाताची खाचरे आणि खाडीकाठच्या खारजमिनी. तिथल्या हवामानाचे आपल्या पत्रिकेत काय काम, असे कोणी विचारील. पण आपले आणि त्यांचे पाणी एकाच डोंगराचे. मुळशी धरणातले पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाते आणि तिथून कुंडलिकेवाटे रोह्याकडे वाहते.

याच भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. कोकणात, तेही मार्चात! चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागेत उष्मा कोंडतो, असे काहींनी म्हटले. आकड्याबद्दल शंकाही निघाल्या. मापक कुठे आणि कसा बसवलाय, यावर आकड्याची किंमत ठरते, एवढे त्यातून घ्यावे.

पावसाची तऱ्हा त्याहून भारी. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातल्या जांभूळपाड्याची दैना केली; अनेक माणसे दगावली. खाली रोहा तालुक्यातले नागोठणेही पाण्यात गेले. घाटावर कोसळलेला पाऊस अंबेत काही तासांतच उतरतो. पुढे पेणजवळ धरमतरच्या खाडीला भरती असली, की पुराला वाट मिळत नाही. खाली पाऊस थोडा असला तरी पूर मोठा येतो, तो असा.

दुसरा दाखला मुंबईचा. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम ७४! शहर एक, पण मापकाप्रमाणे पाऊस दोन.

आता आपल्या शिवाराकडे वळू. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. आकडा मंडळाच्या मापकाचा आणि आपला ऊस दोन-तीन कोसांवर. मापकापाशी रिमझिम, इकडे सरीत गुडघाभर पाणी, असे कितीदा होते! एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटरला अडीच लाखांच्या वर जाते. चर नसेल तर ते जाणार कुठे?

म्हणून आमची विनंती एवढीच. गावात निदान एका सभासदाने पर्जन्यमापक बसवावा. जागा उघडी असावी. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुपटीने तरी लांब असावी. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून तारखेसह वहीत लिहावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य मांडावे. रकाना कोरा सोडू नये. घरची वही सरकारी पुरावा ठरत नाही, हे खरे. पण चर कुठे काढायचा, पाळी कधी लांबवायची आणि पंचनाम्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा की नाही, हे ती सांगते. दहा वर्षे नेमाने लिहिलीत, तर आपल्या शिवाराचा उच्चांक दुसऱ्याला विचारावा लागणार नाही.