धोडपचे पाणी आणि पाहुणे

मुंबई-आग्रा महामार्गावर वडाळीभोईच्या आसपास आले की सातमाळा रांगेतील एक डोंगर चटकन नजरेत भरतो. माथ्यावरील त्याच्या कातळभिंतीला मोठी खाच पडलेली आहे. चांदवड तालुक्यातील धोडप किल्ला तो हाच. सुमारे १४७० मीटर उंचीच्या या गडापाशी इ. स. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पाडाव केला. आता गडावर चढतात ते हौशी पर्यटक, आणि पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी त्यांची वाट पायथ्याच्या हट्टी गावातून जाते.

पाहुणे येणे इष्टच होय. परंतु हा तालुका अवर्षणप्रवण असून येथील कांदा व द्राक्षबागा पाण्याच्या चिंतेतच वाढतात, हे हिरवा डोंगर पाहून परतणाऱ्यास सहसा उमगत नाही. गडावरील टाकी कातळात खोदलेली आहेत. ज्या टाक्यास झरा नाही त्यात कोणी साबण लावून स्नान केले, तर ते पाणी पुढील पावसाळ्यापर्यंत पालटत नाही. गुराख्यास व पाखरांस तेच प्यावे लागते.

गवताची बाब याहून नाजूक आहे. दिवाळीनंतर उतारावरील गवत वाळते. तीन दगडांच्या चुलीतील एखादा निखारा मागे राहिला, तर एका दुपारीच गुरांची उन्हाळ्याची वैरण जळून जाते व उघडी पडलेली माती वळवाच्या सरींनी ओढ्यास मिळते. वळणाची वाट सोडून सरळ खाली उतरणाऱ्यांच्या पायांनी पडलेली घळही हेच काम करते. शेतात बांध घालणाऱ्या शेतकऱ्याने ही धूप परकी मानू नये. तो गाळ अखेर त्याच्याच बंधाऱ्यात येऊन बसतो.

साताऱ्याजवळील कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आले. फुलांच्या हंगामात तेथे रोजच्या पर्यटकसंख्येस मर्यादा असते, प्रवेशशुल्क घेतले जाते आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांचा वाटा असतो. धोडपास मात्र कासची नक्कल उपयोगाची नाही. येथे मोजमाप पाण्याचे हवे. ग्रामसभेने संबंधित खात्यांच्या संमतीने पिण्याचे टाके निराळे राखावे, वाळल्या गवतात चूल पेटविण्यास मनाई करावी आणि टाक्यांतील पातळी पाहूनच मुक्कामास मुभा द्यावी.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालापासून आहे व त्याखाली शेतकऱ्यास आपल्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. बाजरीची भाकरी, पिठले व माठातील पाणी यांवर पाहुणा संतुष्ट होतो, आणि पैसाही गावातच राहतो. तथापि ज्या घरी पाहुणे उतरवावयाचे, त्या घराने वैशाखात आपल्या विहिरीस किती पाणी असते हे आधी पाहावे व त्या मानाने मुक्कामाचा हंगाम माघाच्या आतच आटोपता घ्यावा.