मागची स्प्रिंग घट्ट केली तर?

सानगडीच्या आसपास भाताच्या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटेने तुम्ही बैलगाडीत बसून कधी गेला असाल. गाडीच्या आसाला स्प्रिंग नसते. त्यामुळे चाक दगडावर चढले की तेवढीच गाडीही उचलली जाते आणि तिच्याबरोबर आपणही. त्याच वाटेने मोटार गेली तर तिचे चाक वर-खाली होते, पण आतला माणूस बराचसा स्थिर राहतो. ही किमया चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवलेल्या स्प्रिंगची आहे.

मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांच्या कमानी असत. चाकणच्या कारखान्यात २००९ ते २०२२ या काळात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो या छोट्या, चपळ मोटारीच्या मागे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. तिची मागची दोन चाके पीळ सोसणाऱ्या एका आडव्या तुळईने जोडलेली असतात. अशा मोटारींचे हौशी मालक ‘गाडी वळणावर झुकू नये’ म्हणून मागच्या स्प्रिंगा बदलून अधिक घट्ट आणि आखूड स्प्रिंगा बसवतात. त्याने नेमके काय साधते? थोडे गणित करून पाहू.

हूकचा नियम कामाला येतो

स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे बल वाढते, हा रॉबर्ट हूकचा नियम तुम्ही शिकला आहात. समजा, मागच्या एका चाकावर २०० किलोग्रॅम वस्तुमानाचा भार आहे, म्हणजे सुमारे १९६० न्यूटन बल आहे. त्याने स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबली. म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे १२३ न्यूटन बल लागते.

अशी गाडी दाबून सोडली तर ती सेकंदाला किती वेळा डोलेल? त्यासाठी एक सोपे सूत्र आहे. भाराने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबली असेल, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. १६ चे वर्गमूळ ४, म्हणून उत्तर आले १.२५. आता स्प्रिंग दीडपट घट्ट केली तर ती सुमारे १०.७ सेंटिमीटरच दबेल आणि वारंवारता सुमारे १.५ होईल.

स्प्रिंग दीडपट घट्ट करणे फार सोपे असते. कामाचे ६ वेढे असलेल्या स्प्रिंगचे २ वेढे कापले की झाले! तारेची जाडी वाढवली तर घट्टपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर केवळ एका मिलिमीटरने स्प्रिंग सुमारे ३८ टक्के घट्ट होते.

चाकाची पकड

खरा प्रश्न पुढेच आहे. धावती गाडी ५ सेंटिमीटर खोल खड्ड्यावर आली. स्प्रिंग चाकाला खाली ढकलते, पण लांबताना तिचे बल कमी होते. मूळ स्प्रिंगचे बल सुमारे ६२० न्यूटनने घटते, म्हणजे रस्त्यावरचा दाब सुमारे ६८ टक्के उरतो. दीडपट घट्ट स्प्रिंगचे बल सुमारे ९२० न्यूटनने घटते आणि दाब ५३ टक्क्यांवर येतो. घर्षण दाबावर अवलंबून असते. म्हणजे टायरची पकडही त्याच प्रमाणात ढिली होते. त्याच क्षणी ब्रेक दाबला, तर भार पुढच्या चाकांकडे झुकतो आणि मागच्या चाकांवरचा दाब आणखी घटतो. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर उपयोगी ठरणारी स्प्रिंग खड्ड्यांच्या रस्त्यावर घातक ठरते, ती अशी.

मग स्प्रिंग अगदी मऊ ठेवावी का? तसेही नाही. मागे तिघे बसले, डिकीत धान्याची पोती ठेवली आणि प्रत्येक चाकावर १०० किलोग्रॅम भार वाढला, तर आपली मूळ स्प्रिंग आणखी ८ सेंटिमीटर दबेल. तिला हलायला जागाच उरली नाही, तर गाडी रबरी ठोकळ्यावर आदळेल. म्हणून स्प्रिंग हा नेहमी तडजोडीचा मामला असतो.

तेलाचे काम

समजा, रस्त्यावर दर ८ मीटरला एक उंचवटा आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने गेल्यास सेकंदाला १.२५ धक्के बसतील. हीच आपल्या गाडीची स्वाभाविक वारंवारता! झोक्याला योग्य वेळी दिलेल्या ढकलीप्रमाणे डोलणे वाढत जाईल. यालाच अनुस्पंदन म्हणतात. स्प्रिंग दीडपट घट्ट केली तरी अनुस्पंदन नाहीसे होत नाही, ते ताशी सुमारे ४४ किलोमीटर वेगावर सरकते एवढेच.

त्याला आवर घालतो तो शॉकॲब्सॉर्बर. त्यातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून रेटतो, आणि डोलण्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणून स्प्रिंग बदलली की तिला साजेसा शॉकॲब्सॉर्बरही हवा. जुने, तेल गळलेले शॉकॲब्सॉर्बर बदलणे हीच पुष्कळदा सर्वांत मोठी सुधारणा ठरते.

घरी करून पाहा

खिळ्याला लांब रबरी पट्टी बांधून तिला दगड टांगा. १० दोलनांना लागणारा वेळ मोजा. मग पट्टी निम्मी करून पुन्हा मोजा. वेळ सुमारे ०.७ पट होतो का? आता दगड बादलीतील पाण्यात बुडवून सोडा आणि दोलने किती लवकर थांबतात ते पाहा. पाण्याने इथे जे काम केले, तेच मोटारीत तेल करते.