खाज उठविणारा जंतू

कोपराच्या वा गुडघ्याच्या लवणीत सतत खाजविणारा एखादा मुलगा तुम्ही वर्गात पाहिला असेल. तिथली कातडी लाल, खरखरीत झालेली असते. कधी लसही येते. हा इसब. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा अशा मित्राशेजारी बसायला कचरू नका. "खाजवू नकोस" असे घरचे दहादा बजावतात, पण झोपेत हात तिकडे जातोच. दोष त्या मुलाचा नव्हे.

इसबाला आनुवंशिकता, कोरडी त्वचा अशी अनेक कारणे आहेत. पण इसबाच्या कातडीवर बहुतेक वेळा एक जंतू ठाण मांडून असतो. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. निरोगी माणसांपैकीही बऱ्याच जणांच्या नाकात तो निमूटपणे राहतो.

जंतूंवर पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो आणि दाहामुळे खाज सुटते, असा सर्वसाधारण समज होता. २०२३ साली अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात आयझॅक चिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उंदरांवर तपासले. दाह घडविणाऱ्या काही पेशी ज्या उंदरांत नव्हत्या, तेही खाजवीतच राहिले! म्हणजे जंतू मज्जातंतूंना थेट डिवचत होता. पण कशाने? हा जंतू बाहेर टाकीत असलेल्या दहा विकरांवर संशय होता. संशोधकांनी एकेक विकर वगळून पाहिले. त्यांतले 'व्ही-८' गुन्हेगार ठरले. नुसते व्ही-८ टोचले तरी उंदीर खाजवू लागले.

मज्जातंतूवर 'पार-१' नावाचे प्रथिन असते. व्ही-८ त्याचा शेंडा छाटतो. कळ दाबावी तसा मज्जातंतू जागा होतो, संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि नखे कामाला लागतात. कातडी फाटते, जंतू आत शिरतात. मग दाह आणखी भडकतो.

गंमत म्हणजे पार-१ रक्त गोठविणाऱ्या बिंबिकांवरही असते. त्यामुळे ते रोखणारे व्होरापॅक्सार हे औषध हृदयरोग्यांसाठी आधीच तयार होते. ते दिल्यावर उंदरांचे खाजविणे कमी झाले, कातडीही कमी फाटली. मात्र या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. इसबाच्या रोग्यांच्या कातडीत व्ही-८ निरोगी माणसांपेक्षा जास्त सापडले आहे, एवढे खरे.