कोरियातले नकोसे मंत्रालय

जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण कोरियातले अध्यक्षपदाचे उमेदवार यून सुक-योल यांनी फेसबुकवर एकच ओळ टाकली. कोरियन लिपीत मोजून सात अक्षरे: महिला व कुटुंब मंत्रालय बंद. कारण दिले नाही, पर्याय सांगितला नाही. दोन महिन्यांनी ते निवडून आले, तेही एक टक्क्याहून कमी फरकाने. मतदानोत्तर चाचणीत विशीतल्या पुरुषांपैकी ५८ टक्क्यांच्या आसपास त्यांच्या बाजूने होते, आणि विशीतल्या बायकांपैकी जवळपास तेवढ्याच त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने.

देशाच्या अर्थसंकल्पातला या मंत्रालयाचा वाटा अर्ध्या टक्क्याचाही नव्हता. एवढ्याशा खात्यावर एवढा राग का, हे समजून घ्यायचे तर कोरियातल्या घराघराच्या सरकारी दप्तरात डोकवावे लागते.

तिथे होजुजे नावाची पद्धत होती. प्रत्येक घराची एक नोंदवही, आणि त्या वहीचा एक प्रमुख. तो गेला की प्रमुखपद मुलाकडे. मुलगा आधीच वारलेला असेल तर नातवाकडे. नातू पाळण्यात असला तरी कागदोपत्री कुटुंबप्रमुख तोच, आणि ज्या आजीने अख्खे घर चालवले ती त्याच्या हाताखाली. मुलगे-नातू नसतील तर अविवाहित मुलगी, आणि तिच्याही नंतर बायकोचा नंबर. लग्न झाले की मुलीचे नाव बापाच्या वहीतून उडे आणि नवऱ्याच्या वहीत चढे. सर्वांत जास्त हाल घटस्फोटितेचे. ती स्वतः त्या वहीतून बाहेर पडे, पण मूल बापाच्याच वहीत राहे. ते तिच्याजवळ वाढत असले, त्याचा सगळा खर्च ती करत असली, तरी रहिवासाच्या दाखल्यावर तिचे त्याच्याशी नाते काय? ‘सोबत राहणारी व्यक्ती’. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकराची सरकारदरबारी ती भाडेकरूसारखी.

ही पद्धत कोरियाची प्राचीन परंपरा म्हणून मिरवली जाई. खरे तर त्या वहीचा साचा जपानी राजवटीत पक्का झालेला. तिच्याविरुद्ध १९५०च्या दशकापासून लढत होत्या ली ते-योंग, त्या देशातल्या पहिल्या महिला वकील. १९७५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९८ मध्ये त्या गेल्या. कायद्यात लहानमोठ्या दुरुस्त्या त्यांनी पाहिल्या. होजुजे गेलेली मात्र पाहिली नाही.

२००१ मध्ये अध्यक्ष किम दे-जुंग यांनी स्त्री-पुरुष समानतेसाठी स्वतंत्र मंत्रालय उभे केले. पहिल्या मंत्री हान म्योंग-सुक. पुढे त्याच देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. होजुजे ज्यात होती तो नागरी कायदा होता न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि ज्याच्या ताब्यात कायदा त्याला तो बदलण्याची घाई क्वचितच असते. आता महिला संघटनांची मागणी घेऊन मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसणारे हक्काचे माणूस मिळाले. कन्फ्यूशियन मंडळींनी समाज बुडेल म्हणून आकांत केला. फेब्रुवारी २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली, मार्चमध्ये संसदेने ती रद्द केली आणि १ जानेवारी २००८ पासून प्रत्येक नागरिकाची स्वतंत्र नोंद सुरू झाली. लढा संघटनांचा, निकाल न्यायालयाचा. पण सरकारच्या आतून रेटा लावला तो या खात्याने. माझ्या मते अशा मंत्रालयाचे खरे काम हेच: दुसऱ्या खात्यांच्या कपाटात पडलेल्या फायली हलवायच्या.

तरुणांचा राग खोटा होता, असे मी म्हणणार नाही. तिथल्या प्रत्येक धडधाकट मुलाला ऐन विशीत दीड-दोन वर्षे सक्तीने लष्करात काढावी लागतात. परतल्यावर नोकरीच्या परीक्षेत मिळणारे जादा गुण १९९९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केले. त्या वेळी हे मंत्रालय जन्मालाही आले नव्हते, तरी खापर त्याच्याच माथी फुटले. मंत्रालयानेही आपली पत घालवली. २०२० मध्ये सोल आणि बुसानच्या महापौरांवर लैंगिक छळाचे आरोप झाले, दोघेही सत्ताधारी पक्षाचे, आणि मंत्रालय तोंड उघडायला कचरले. रिकाम्या जागांच्या पोटनिवडणुका म्हणजे समाजाला शिकायची संधी, असे मंत्रिणीने संसदेत सांगितले तेव्हा तक्रारदार बायकांना काय वाटले असेल! ज्यांच्यासाठी खाते काढले त्यांच्या बाजूने ते पक्ष न पाहता उभे राहत नसेल, तर ते कोणाच्याच उपयोगाचे नाही.

यून यांना खाते बंद करता आले नाही. संसदेत बहुमत विरोधकांचे होते. मग मंत्रिपदच रिकामे ठेवले. फेब्रुवारी २०२४ पासून जवळजवळ दीड वर्ष तिथे मंत्री नव्हता. स्त्री-पुरुषांच्या कमाईतली तफावत विकसित देशांत सर्वाधिक, सुमारे ३० टक्के, असलेल्या देशाची ही गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करी कायदा पुकारण्याचा डाव यून यांच्या अंगाशी आला, एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे पद गेले. नवे अध्यक्ष ली जे-म्योंग यांनी ऑक्टोबर २०२५ पासून मंत्रालयाची नव्या नावाने फेररचना केली, अधिकार वाढवले. त्याच वर्षी जुलैत एक योजना सुरू झाली होती: पोटगी बुडवणाऱ्या पालकाऐवजी सरकार मुलामागे महिना दोन लाख वॉनपर्यंत रक्कम देते आणि नंतर ती त्या पालकाकडून वसूल करते. पोटगीचा निकाल हातात घेऊन वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना याचे मोल सांगायला नको.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. १९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण इथे आले. त्याच वर्षी राज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. केंद्राला तिथे पोहोचायला २००५ साल उजाडले. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे ठरले. ही धोरणाची आणि कायद्याची कामे. आज मात्र महिला व बालविकास विभाग म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो लाडक्या बहिणीचा हप्ता. दीड हजार रुपये गरीब घरात मोलाचे आहेत, त्यांना नावे ठेवणार नाही. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी याच विभागाच्या छत्राखाली असतो, आणि मार खाल्लेल्या बाईला आधी त्याचे दार सापडावे लागते. आमदार पुढच्या वेळी गावात येतील तेव्हा हप्त्याच्या तारखेबरोबर हेही विचारा: आपल्या तालुक्यात संरक्षण अधिकारी कोण आहे, कुठे बसतो, आणि त्याच्याकडे दुसऱ्या किती कामांचा भार आहे?