प्रशिक्षक बदलताना

आपल्या अंजनगावचा पानमळा पाहा. जाणता माणूस काम सोडून गेला की, नवा वेलांस वेळेवर पाणी देईल ना, या चिंतेने मालकास झोप येत नाही. फुटबॉलच्या चाहत्यांची स्थिती अशीच होते. कोणते अकरा गडी खेळवावे, कोणी कोठे उभे राहावे, हे प्रशिक्षक ठरवितो. तो गेला म्हणजे बसलेली घडी विसकटेल, हे भय.

मुंबई सिटी संघास २०२२-२३ च्या हंगामात इंडियन सुपर लीगची ढाल मिळवून देणारे डेस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन हंगामात, इंग्लंडातील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. डिसेंबरात चेक देशाचे पेटर क्रॅटकी आले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये ढाल मोहन बागानकडे गेली, तेव्हा भय खरे ठरलेसे वाटले. परंतु ४ मे रोजी कलकत्त्यास त्याच संघाला ३-१ असे हरवून मुंबईने चषक जिंकला.

वर्गशिक्षक बदलले की पालकही असेच धास्तावतात. ही चिंता प्रेमापोटीच असते, हे आम्ही जाणतो. तथापि शिकविणारा गेला तरी अंगी मुरलेला अभ्यास जात नाही. आणि नव्यासही थोडा अवकाश द्यावाच लागतो.